करंगळीमागचं हाड मोडलंय, पाय टेकवायचा नाही म्हणतात. घर आणि शिलाई कशी सांभाळायची?

शिलाईवाली, इंदोरा

जय भीम, नमस्कार.

मी नागपुरात, इंदोऱ्यात राहते. घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको. गणपतीत एक दिवस अचानक पाऊस आला, दोरीवरचे कपडे काढायला धावले आणि अंगणातल्या ओल्या पायरीवर उजवा पाय आतल्या अंगाला मुडपला. कट्ट असा आवाज माझा मलाच ऐकू आला. आधी वाटलं लचकला असेल, पण संध्याकाळपर्यंत पायाची बाहेरची कड अशी सुजली की चपलेत पाय जाईना. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. करंगळीच्या मागे जे लांब हाड असतं ते बुडाजवळ मोडलं आहे. कागदावर ‘फिफ्थ मेटाटार्सल, जोन्स फ्रॅक्चर’ असं लिहिलंय. गुडघ्याच्या खालपर्यंत प्लास्टर आहे.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की सहा ते आठ आठवडे हा पाय जमिनीला लावायचाच नाही. मधे मधे एक्स-रे काढून बघू, नाहीच जुळलं तर स्क्रू टाकावा लागेल. ओपीडीत इतकी गर्दी होती की पुढचं काही विचारायला जमलं नाही, म्हणून इथे विचारते.

घरात आम्ही चौघं. मिस्टर बुटीबोरीला कंपनीत आहेत, शिफ्ट बदलत राहते. मुलगा बारावीला. सासूबाईंचे गुडघे दुखतात. संडास अंगणाच्या पलीकडे, देशी, आणि मधे दोन पायऱ्या. वॉकर आणला आहे, पण एका पायावर उड्या मारत जाताना छातीत धडधड होते. रात्री तर पाणीच पीत नाही मी, उठावं लागू नये म्हणून.

सगळेच सांगून राहिले, अगं एवढंसं तर हाड आहे, थोडं थोडं टेकवत जा, नाहीतर पाय आखडेल. आमच्या गल्लीतल्या एका बाईचंही हेच हाड मोडलं होतं. ती तर पायाला आधार देणारा मोठा बूट घालून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच चालायला लागली. मग मलाच काहून नाही? मी जास्त घाबरते का?

आणि खरी काळजी मशीनची. माझं पायमशीन आहे, उजव्या पायाशिवाय पायडल चालत नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं म्हणून पांढऱ्या साड्या आणि त्यावरचे ब्लाउज माझ्याकडे दरवर्षी येतात. याही वर्षी कापड येऊन पडलं आहे. त्या बायांना परत पाठवायचं माझ्या जिवावर येतं. वर्षातून एकदा नवीन पांढरी साडी घेतात त्या, आणि विश्वासानं माझ्याकडेच देतात. त्यांच्या मापाच्या चिठ्ठ्या टाचणीनं कापडाला लावून ठेवल्या आहेत, त्या दिवसभर डोळ्यांसमोर असतात.

मी स्वतः लग्न होऊन आले तेव्हापासून दसऱ्याला इंदोऱ्याहून दीक्षाभूमीपर्यंत पायी जाते. या वर्षी जाता येईल का हो? कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

---

शाळेतल्या बाई, प्रताप नगर

ताई, जय भीम. मागच्या पावसाळ्यात माझं हेच हाड मोडलं होतं, आणि माझ्याही कागदावर हेच नाव होतं. माझं ऑपरेशनशिवाय जुळलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. रात्री घरचे सगळे जेवायला बसले की त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचा. यातलं निम्मं त्यांच्यासाठीच आहे.

तुम्ही जास्त घाबरत नाही आहात. ‘टेकवायचा नाही’ म्हणजे टेकवायचा नाही. अंगठाही नाही, टाचही नाही, भाजीला फोडणी देण्यापुरतंही नाही. मला सगळ्यात जास्त त्रास दुखण्याचा झाला नाही, या ‘थोडंसं’चा झाला. आपल्याकडे घरातली बाई खाटेवर पडून आहे हे कोणालाच बघवत नाही, तिला स्वतःला तर नाहीच. पाहुणे येतात, चहा करायला कोणी नसतं, आणि आपणच उठतो. माझ्या मिस्टरांनी त्या दिवसांत एक फार चांगलं केलं. स्वयंपाकघराच्या दाराशी आडवी खुर्ची लावून ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आधीच सांगायचे, हिला उठवायचं नाही, डॉक्टरांनी मनाई केली आहे. मला स्वतःला कोणाला नाही म्हणावं लागलं नाही. तुमच्याकडे हे काम सासूबाईंनी करावं. घरातलं मोठं माणूस बोललं की बाहेरचे गप्प बसतात.

आता संडास. रोज दोन पायऱ्या उतरून देशी संडासात एका पायावर बसायचं हे विसरा. तिथे पडलात तर दुसरंही काहीतरी मोडेल. कमोडची खुर्ची मिळते, खाली भांडं असलेली. धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांच्या आसपास सर्जिकल सामानाची दुकानं आहेत, मेडिकल चौकाकडेही आहेत, तिथे विचारा. विकत घेण्याआधी भाड्यानं मिळते का ते बघा. काही संस्था अनामत ठेवून रुग्णांचं सामान वापरायला देतात. खोलीच्या एका कोपऱ्यात साडीचा पडदा लावा आणि तिथे ठेवा. पहिले दोन दिवस संकोच वाटतो. मला तर रडू आलं होतं, मुलानं भांडं उचलायचं म्हणून. माझा मुलगाही तुमच्या मुलाएवढाच. तो म्हणाला, आई, तू आमचं किती वर्षं केलंस. त्यावर मी काही बोलले नाही. तुम्हीही मुलाला करू द्या.

आणि कृपा करून पाणी प्या. खाटेवर पडून राहणाऱ्या माणसानं पाणी कमी करायचं नसतं. बद्धकोष्ठ होतो, लघवीची जळजळ सुरू होते, आणि एका जागी पडलेल्या पायात रक्ताची गाठ व्हायची भीतीही वाढते. रात्रीसाठी खुर्ची अगदी खाटेला लागून ठेवा. छोटा दिवा लावून ठेवा. माझी भीती वेगळीच होती, अर्धवट झोपेत उठून सवयीनं पाय खाली टाकेन की काय. म्हणून प्लास्टरच्या पायाकडची खाट भिंतीला लावली आणि उतरायची बाजू फक्त चांगल्या पायाची ठेवली. स्टीलचा गिलास आणि चमचा उशाशी ठेवला होता. वाजवला की कोणीतरी यायचं.

वॉकरचं बघा. उभं राहून हात सरळ खाली सोडला की वॉकरची मूठ मनगटाशी आली पाहिजे. खाली बटणं असतात, त्यानं उंची बदलते. खूप उंच असेल तर खांदे भरून येतात, ठेंगणा असेल तर पुढे तोल जातो. चारही पायांची रबरं तपासा. झिजली असतील तर ओल्या फरशीवर वॉकर सरकतो. आधी वॉकर पुढे, तो नीट टेकला की हातांवर भार, मग चांगला पाय. उड्या छोट्या. धाप लागते ती सगळ्यांनाच लागते, दंडांना सवय नसते. दोन-चार दिवसांत कमी होते. पायऱ्यांवर मात्र वॉकर वापरू नका. पायरीवर बसा आणि बसल्या बसल्या सरका. चढतानाही, उतरतानाही. गाऊन मळतो, मळू द्या.

वॉकर धरला की दोन्ही हात अडकतात. पाण्याची बाटली, मोबाइल, औषधाची पुडी, काहीच उचलता येत नाही. इथे तुमची कला कामाला येईल. वॉकरच्या पुढच्या आडव्या दांडीला अडकवायची पिशवी शिवा. जुन्या जीन्सचं कापड घ्या, ते जड वस्तूला तोलतं. वरचा पट्टा दांडीवरून घेऊन आतून वेल्क्रो लावा. दोन कप्पे करा, एक खोल, घट्ट झाकणाच्या बाटलीसाठी, आणि एक उथळ. खोल कप्प्याच्या तळाला दुहेरी शिवण मारा. पिशवी दांडीच्या मधोमध राहील असं बघा, एका बाजूला झुकली तर वॉकर ओढतो. माझ्या बहिणीनं मला शिवून दिली होती. त्या पिशवीनं मला जितकं मोकळं केलं तितकं दुसऱ्या कशानंच नाही.

आंघोळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. स्टूल नको, पाठ असलेली खुर्ची. प्लास्टरवर आधी कोरडा टॉवेल गुंडाळायचा, त्यावर मोठी जाड पिशवी, ती प्लास्टरच्या वर कातडीवर चिकटपट्टीनं बंद करायची. रबर करकचून बांधायचं नाही. मग पाय बादलीपासून लांब दुसऱ्या स्टुलावर. इतकं करूनही पाय पाण्याखाली धरायचा नाही. आतला कापूस भिजला तर वाळत नाही आणि कातडी सडते.

आता ऑक्टोबरचं ऊन येईल आणि प्लास्टरच्या आत खाज सुटेल. तुमच्या हाताशी पट्टी, लांब सुई, क्रोशे सगळंच असणार. आत काहीही घालू नका. जरा ओरखडा गेला तरी आत दिसत नाही, आणि चिघळल्यावर वास आला की कळतं. टेबल फॅनची हवा प्लास्टरच्या तोंडाकडे सोडायची, किंवा वरून टिचक्या मारायच्या. तेवढ्यानं भागतं.

मशीनचं मला कळत नाही, ते दुसरं कोणी सांगेल. पण हातशिलाईचं काम खाटेवर होईल ना? फॉल लावणं, हुक, काज, तुरपाई. पाय दोन उशांवर आणि हातात साडी. कापड परत पाठवू नका. गल्लीत दुसरी कोणी शिवणारी असेल तर मशीनचं तिला द्या आणि हाताचं तुम्ही ठेवा. बाया समजून घेतात.

---

फिजिओथेरपिस्ट, वर्धा रोड

ताई, तुमच्या गल्लीतल्या बाईंना चालायला परवानगी आणि तुम्हाला का नाही, हे सांगते. ते कळलं की घरच्यांनाही पटेल.

या हाडाचं बूड एकाच ठिकाणी मोडत नाही. अगदी मागच्या टोकाला पोटरीच्या बाहेरच्या बाजूनं येणारा एक स्नायू चिकटलेला असतो. पाय आत मुडपला की तिथे ताण बसतो आणि टोकाचा तुकडा निघतो. तिथे रक्तपुरवठा चांगला असतो, म्हणून बूट घालून लवकर चालायला देतात. त्या बाईंचं बहुतेक तसं असावं. तुमचं त्याच्या थोडं पुढे, चौथ्या आणि पाचव्या हाडांचा एकमेकांशी सांधा आहे त्या पातळीवर. तिथे रक्त दोन बाजूंनी येतं आणि मधल्या पट्ट्यात कमी पडतं. कालव्याच्या अगदी शेवटच्या शेताला पाणी उशिरा आणि कमी पोचतं, तसं. त्यात प्रत्येक पावलाला हे हाड वाकतं, त्यामुळे नुकतं धरू लागलेलं पुन्हा हलतं. म्हणून इथे हाड उशिरा जुळणं किंवा न जुळणं जास्त बघायला मिळतं. हाड एवढंसं असलं तरी जागा अवघड आहे.

या फ्रॅक्चरला ज्यांचं नाव आहे ते रॉबर्ट जोन्स हे ब्रिटिश सर्जन. त्यांनी १९०२ साली याच्यावर लेख लिहिला. त्यातला एक पाय त्यांचा स्वतःचा होता, नाचताना मोडलेला. कोणी धक्का दिला नाही, वरून काही पडलं नाही, नुसता पाय वेडावाकडा पडला आणि हाड मोडलं. पायरीवरून पाय मुडपून कसं काय मोडलं, असं तुम्हाला कोणी म्हणत असेल तर त्यांना हे सांगा.

पाय आखडेल ही घरच्यांची भीती अगदी चुकीची नाही, पण त्यावर उपाय टेकवणं हा नाही. बोटं मोकळी आहेत ना, ती दर तासाला वर-खाली हलवा. गुडघा पूर्ण वाकवा, पूर्ण सरळ करा. झोपून अख्खा पाय सरळ वर उचला, थोडा धरा, सोडा. डाव्या पायाचा घोटाही फिरवत राहा, सगळा भार त्याच्यावर आहे. पाय उशांवर ठेवताना छातीच्या पातळीपेक्षा वर हवा. खुर्चीत बसून समोर स्टुलावर ठेवला की तो वर ठेवल्यासारखा वाटतो, पण सुजेसाठी तेवढं पुरत नाही.

काही गोष्टी घडल्या तर तारखेची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा, रात्र असली तरी. गोळी घेऊनही दुखणं वाढतच जाणं, बोटं हलवल्यावर असह्य कळ, बोटं बधिर, थंड किंवा निळी-पांढरी पडणं. पोटरी दुखून घट्ट होणं किंवा मांडीपर्यंत सूज. अचानक धाप लागणं, छातीत दुखणं. ताप, किंवा प्लास्टरमधून वास.

खाण्यात वेगळं काही आणायची गरज नाही. दूध, दही, तीळ, राजगिरा, शेवग्याची पानं. डाळ आणि अंडी पोटभर, चालत असतील तर सुकट-बोंबील. हाडाला कॅल्शियमइतकीच प्रथिनंही लागतात. ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यायची का ते पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा, कमतरता खूप जणांत निघते. साखरेचा त्रास असेल तर ती आटोक्यात ठेवा. आणि एक विचारते, राग मानू नका. खर्रा, नस, गुडाखू यातलं काही घेत असाल तर आत्ता पूर्ण बंद करा. तंबाखूनं हाड जुळायला वेळ लागतो, आणि तुमच्या हाडाला आधीच रक्त कमी आहे.

---

जुना नागपूरकर, महाल

बाई, आमच्या लहानपणी हाडजोडीच्या वेलाचा लेप लावून पट्टी बांधत आणि माणूस पंधरा दिवसांत चालत असे. खेड्याकडे अजून हाडवैद्य आहेत. प्लास्टर काढून एकदा दाखवून पाहा. माझ्या काकांचा हात असाच बसला होता.

---

फिजिओथेरपिस्ट, वर्धा रोड

काका, तुमच्या काकांचा हात बरा झाला हे चांगलंच झालं. पण या ताईंचं प्लास्टर कोणी काढू नये. लेप चांगला की वाईट हा प्रश्नच नाही, लेप लावायला प्लास्टर काढावं लागेल आणि चोळताना हाड हलेल, हा धोका आहे. हाड बसवण्याच्या नावाखाली ओढलेले, घट्ट बांबूच्या पट्ट्या बांधून काळे पडलेले पाय मी पाहिले आहेत. त्या माणसांचे चेहरे मला आठवतात म्हणून इतकं ठामपणे लिहिते.

---

मशीन-मिस्त्रीचा मुलगा, इतवारी

ताई, पायमशीन विकायची किंवा नवीन घ्यायची गरज नाही. तुमच्याच मशीनला मोटर बसते. मागच्या बाजूला हातचाकाजवळ मोटर बसवायची जागा असते, चामड्याचा पट्टा काढून छोटा रबरी पट्टा लावायचा. मोटरचं पायडल वेगळं, वायरवर असतं, ते डाव्या पायाखाली ठेवा. डाव्या पायानं वेग सांभाळायला आधी जुन्या चिंध्यांवर हात बसवा, नाहीतर गळ्याच्या गोलाईवर मशीन सुसाट सुटेल.

बसायचं कसं ते महत्त्वाचं. मशीनच्या लोखंडी स्टँडमध्ये तुमचा प्लास्टरचा पाय मावणार नाही, आणि बाजूला तिरका काढून बसलात तर कंबर धरेल. त्यापेक्षा मशीनचं डोकं स्टँडवरून काढून लाकडी बैठकीवर बसवून घ्या आणि साध्या टेबलावर ठेवा. टेबलाखाली मोकळी जागा राहते, उजवा पाय समोर स्टुलावर उशी घालून लांब करता येतो. डोकं जड असतं, तुम्ही उचलू नका. मिस्त्रीला घरी बोलवा, तासाभराचं काम आहे. हातानं फिरवायचा दांडाही मिळतो, पण ब्लाउज शिवायचं तर एक हात त्यात जातो, तुम्हाला नाही परवडणार.

वायर वॉकरच्या वाटेत येऊ देऊ नका, भिंतीच्या कडेनं घ्या.

---

ऑटोवाला, पाचपावली

जय भीम ताई. दीक्षाभूमीचं मी सांगतो, कारण दसऱ्याला दिवसभर मी तिकडच्याच सवाऱ्या करतो.

त्या दिवशी या पायानं जाऊ नका. बाहेरगावाहून लाखोंनी लोक आलेले असतात, आजूबाजूचे रस्ते बंद असतात, ऑटो खूप अलीकडेच थांबवतात. तिथून पुढे पायीच, आणि तेही रेट्यात. वॉकरला जागा मिळत नाही, आणि मागून लोटलं की पाय टेकणारच. चाकाची खुर्ची नेली तरी गर्दीत ढकलणाऱ्याचे हाल होतात.

दसऱ्याच्या चार-सहा दिवस आधी, नाहीतर गर्दी ओसरल्यावर सकाळी लवकर जा. ऑटो बराच जवळपर्यंत जातो, चाकाची खुर्ची आणली तर स्तूपापर्यंत आरामात नेता येते. ऑटोत बसताना पाठ ऑटोकडे करा, आधी सीटवर टेका, मग हातांनी मागे सरकत जा आणि पाय सीटवरच आडवा ठेवा. वाटेत खड्डे आहेत, पाय खाली लोंबकळू देऊ नका. घरचं एक माणूस पाय धरून बसलं तर अजून चांगलं.

माझ्या आईला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर असंच नेलं होतं. दसऱ्याच्या दिवशी ती घरीच पांढरी साडी नेसून बसली आणि वंदना घेतली. गल्लीतल्या बाया जाताना तिच्याकडे येऊन गेल्या.

---

शिलाईवाली, इंदोरा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बाईंनी सांगितलं तसं काल जेवताना मुलानं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. रक्त कमी पोचतं ते ऐकून सासूबाई गप्प झाल्या. आज सकाळी शेजारीण ‘टेकव गं’ म्हणाली तर त्यांनीच तिला सांगितलं, तिचं हाड वेगळ्या जागी मोडलं आहे, तुला माहीत नाही. मिस्टर रात्रपाळीवरून येताना कमोडची खुर्ची घेऊन आले. आज पोटभर पाणी प्यायले.

मशीन-मिस्त्री उद्या येणार आहे. तोवर फॉल लावायला घेतले. पांढऱ्या साडीवर पांढरा दोरा खिडकीच्या उजेडात बरा दिसतो, म्हणून खाट खिडकीकडे सरकवून घेतली आहे. अवघड कटोरी ब्लाउज माझ्या मैत्रिणीकडे दिले. ती कटिंग माझ्यासमोर बसून करणार आहे, मापं मी सांगेन. दीक्षाभूमीला गर्दी ओसरल्यावर जाऊ असं ठरलं. मन थोडं दुखतं, पण ऑटोवाले भाऊ म्हणतात ते खरं आहे. आणि फिजिओ ताई, राग कशाला येईल. नस लावायची सवय होती, कालपासून डबी सासूबाईंकडे दिली आहे.

एकच विचारायचं राहिलं. संध्याकाळी खुर्चीत जरा वेळ बसले की बोटं जांभळट दिसतात आणि तटतटतात. हे वाईट आहे का? आणि प्लास्टर निघाल्यावर लगेच चालता येतं का?

---

फिजिओथेरपिस्ट, वर्धा रोड

पाय खाली सोडला की रक्त साचून बोटं जांभळी दिसतात. झोपून पाय उशांवर घ्या आणि बघत राहा. थोड्या वेळात रंग परत आला, बोटं गरम आहेत आणि हलताहेत, तर काळजी नाही. अंगठ्याचं नख दाबून सोडा, पांढरं झालेलं लगेच गुलाबी झालं पाहिजे. रंग परत येत नसेल किंवा बधिरपणा असेल तर मात्र त्याच वेळी दवाखान्यात जा. मशीनवर सलग बसू नका. एक ब्लाउज झाला की उठून आडवं व्हा, पाय वर घ्या, मग दुसरा.

प्लास्टर निघाल्यावर लगेच नाही. एक्स-रे बघून डॉक्टर किती भार द्यायचा ते सांगतील, बहुतेक आधी काही दिवस बूट असतो. पोटरी बारीक झालेली असेल, कातडी कोरडी, सालपटं निघणारी. घाबरू नका आणि घासू नका, कोमट पाण्यानं धुऊन तेलाचा हात फिरवा. भार किती द्यायचा याचा अंदाज येत नाही, त्यासाठी वजनकाटा वापरा. वॉकर धरून उभं राहायचं, दुखरा पाय काट्यावर ठेवायचा आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या किलोपर्यंतच काटा जाऊ द्यायचा. चार-पाच वेळा केलं की पायाला तेवढा दाब लक्षात राहतो. फरशीवर पंचा पसरून बोटांनी तो जवळ ओढायचा, आणि घोटा सुटायला हवेत पायाच्या अंगठ्यानं बाराखडी लिहायची. घरात अनवाणी चालू नका, कडक तळव्याची चप्पल ठेवा. सूज संध्याकाळी पुढे काही महिने येऊ शकते.

दांडकं घेऊन चालायची वेळ येईल तेव्हा ते डाव्या हातात धरा. दुखरा पाय उजवा आहे, म्हणून आधार उलट्या हातात. आणि पुढच्या तारखेला जाताना पहिला एक्स-रे आठवणीनं बरोबर न्या, त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय किती जुळलं ते सांगता येत नाही.